किती खोलायचं?

गॅरेजमधली सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे पुठ्ठा. नवी मुंबईत कळंबोलीच्या पोलाद बाजाराभोवती किंवा तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ रात्री मुक्कामाला आलेल्या गाडीखाली मिस्त्री एक जुना पुठ्ठा सरकवून ठेवतो आणि सकाळी तो ओढून उजेडात धरतो. काळपट तपकिरी डाग असला तर इंजिन ऑइल, हिरवट असला तर कूलंट, उग्र वासाचा दाट थेंब असला तर गिअर ऑइल. डाग इंजिनाच्या पुढच्या अंगाला पडला असेल तर मिस्त्री फारसं काही बोलत नाही. मागच्या अंगाला, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात नेमका तिथे पडला असेल, तर गाडीमालकाच्या तोंडून हमखास एक प्रश्न निघतो.

"मिस्त्री, इंजिन उतरवावं लागणार का?"

"आधी धुऊन तर बघू, शेठ."

मालकाच्या धास्तीला कारण आहे. ट्रकच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचं वजन चारशे-पाचशे किलोच्या घरात जातं. ते उतरवायचं म्हणजे रेडिएटर काढा, पाइप सोडा, वायरिंग सोडा, चेनकुप्पी, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, लावा आणि बसवताना हेच सगळं उलट्या क्रमाने करा. गाडी तेवढे दिवस उभी राहते, बँकेचा हप्ता उभा राहत नाही. पण त्या एका प्रश्नात व्यवहारापलीकडचंही काही आहे. बिघाड एका जागी असताना सगळी वस्तू तिच्या ठिकाणावरून हलवावी का? जागेवर ठेवून केलेली दुरुस्ती खरी, की ती नुसती मलमपट्टी? आणि एकेक भाग बदलत गेलं तर शेवटी उरतं ते तेच असतं का? आपल्याकडे हे प्रश्न देवळांच्या गाभाऱ्यात, भिक्खूंच्या संवादांत आणि सुधारकांच्या सभांमध्ये पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. गॅरेजात त्यांची उत्तरं हातांनी द्यावी लागतात.

धुऊन बघण्याला मिस्त्री इतकं महत्त्व देतो, कारण तेल जिथे दिसतं तिथून ते गळत असेलच असं नाही. वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन चिरलं की तेल ब्लॉकच्या अंगावरून ओघळतं, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि थेट गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी येऊन टपकतं. बघणाऱ्याला वाटतं, मागचं क्रँक सील गेलं. म्हणून आधी डिझेल आणि साबणाच्या पाण्याने इंजिन स्वच्छ धुवायचं, हवेने कोरडं करायचं, काही मिस्त्री संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवतात, आणि मग गाडी थोडी चालवून आणायची. पांढऱ्या पावडरीवर ओलाव्याची पहिली रेघ जिथून उमटते, ती खरी जागा. काही शे रुपयांच्या पॅकिंगसाठी इंजिन उतरवायला निघालेला मालक या धुण्यामुळे वाचतो. बिघाडाकडे बघण्याआधी त्याच्यावरची जुनी काजळी काढावी लागते, ही गोष्ट नैतिक प्रश्नांनाही तितकीच लागू आहे.

जागा सापडली की पुढचा मोह लेपाचा. सिलिकॉनची नळी पिळून बाहेरून थापलं की गळती चार दिवस थांबते. पूर्वी मिस्त्री याच कामाला शेलॅक वापरत. शेलॅक म्हणजे लाख, आणि तिचं सांधे बंद करण्याचं काम फार जुनं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वज्रलेपाचं एक प्रकरण आहे. त्यातली पहिली कृती अशी: कच्ची टेंभुर्णीची फळं, कच्ची कवठं, सावरीची फुलं, साळईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड यांचा काढा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा, त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल असे पदार्थ घालायचे आणि लेप तापलेला असतानाच लावायचा. कुठे लावायचा? देवळाला, घराला, शिवलिंगाला, मूर्तीला, भिंतीला, विहिरीला. त्याच प्रकरणातल्या दुसऱ्या कृतीची सुरुवात लाखेनेच होते आणि तिच्यात घरातली काजळीही येते. हे मिश्रण युगानुयुगं टिकेल असा भरवसा ग्रंथकार देतो.

हा शब्द महाराष्ट्रात आजही जिवंत आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या मूर्तीला वज्रलेप झाला की बातमी होते. 2020 च्या जूनमध्ये, टाळेबंदीत मंदिर बंद असताना, तो पुन्हा झाला. आता द्रव्य असतं इपॉक्सीसारखं रासायनिक. वर्षानुवर्षांचे दह्यादुधाचे अभिषेक आणि पायावर टेकलेली लाखो कपाळं यांनी पाषाण झिजतो. ज्या श्रद्धेने माणूस मूर्तीला स्पर्श करतो तीच श्रद्धा मूर्ती झिजवते. पुढे 2024 च्या मार्चमध्ये गाभाऱ्याच्या जतनाचं काम निघालं तेव्हा पदस्पर्शदर्शन जूनच्या सुरुवातीपर्यंत थांबवलं गेलं. विठ्ठल विटेवरून हलला नाही. मूर्तीला संरक्षक आवरण घातलं आणि भोवतालचा दगड दुरुस्त केला. मिस्त्रीच्या भाषेत, इंजिन जागेवर ठेवून काम केलं.

मूर्ती का हलवायची नाही? भंगण्याची भीती तर आहेच, पण धर्मशास्त्राने हा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचे विधी सांगितले आहेत. जीर्ण झालेली लाकडी मूर्ती जाळावी, दगडी मूर्ती पाण्यात सोडावी, असे सरळ नियम तिथे आहेत. म्हणजे वस्तूला कायमचं चिकटून राहा असा हट्ट त्या ग्रंथाचा नाही. पण ऋषीमुनींनी स्थापलेलं लिंग जीर्ण झालं, भंगलं, तरी विधी करूनसुद्धा हलवू नये, असंही तोच ग्रंथ सांगतो. काही वस्तूंचं असणं त्यांच्या जागेशी बांधलेलं असतं. ती जागा सुटली की दुरुस्त होऊन परत येते ती दुसरीच वस्तू, असा या नियमामागचा विचार दिसतो.

2015 सालाने या विचाराची दोन टोकं एकदमच दाखवली. त्या वर्षी कोल्हापुरात अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी केलं. अशा वेळी देवतेचं तेज विधिपूर्वक कलशात घेतलं जातं, काम पुरं झालं की ते मूर्तीत परत आणलं जातं. पाषाण तोच, जागा तीच. बाजूला जातं ते चैतन्य. त्याच वर्षी पुरीला जगन्नाथाचा नवकलेवर सोहळा झाला. तिथे याच्या अगदी उलट: जुन्या लाकडी मूर्ती पुरल्या जातात, निंबाच्या नव्या झाडातून नव्या मूर्ती घडतात आणि आतला ब्रह्मपदार्थ डोळे बांधलेला सेवक एका मूर्तीतून दुसरीत ठेवतो. एकीकडे देह राखून दुरुस्ती, दुसरीकडे देह टाकून सातत्य. दोन्ही ठिकाणचे भाविक म्हणतात, देव तोच आहे. या दोन्हींपैकी एक खरं आणि दुसरं खोटं असं ठरवायची गरज नाही. दगड आणि लाकूड यांच्या स्वभावातच फरक आहे. दगड लेप धरतो. पोखरलेलं लाकूड धरत नाही.

लेप मात्र कशावर बसतो, हे बघावं लागतं. तेलकट पृष्ठभागावर सिलिकॉन धरत नाही, पापुद्रा होऊन सुटतं. आणि जास्त थापलं तर त्याहून वाईट. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची परात, बसवताना सांध्यातून आत पिळून आलेला सिलिकॉनचा जादा गोळा तुटून तेलात पडतो, तिथून पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, तेलाचा दाब कमी होतो आणि बेअरिंग कोरडी पडून इंजिन जाम होतं. थेंबभर गळतीने इंजिन मेलं नसतं. तिच्या बेफाम इलाजाने मेलं. तेलात ओतायची गळतीरोधक औषधंही बाजारात मिळतात. ती रबराला थोडी फुगवतात, मऊ करतात. कडक झालेल्या सीलला त्याने काही काळ जीव येतो. चिरलेल्याला येत नाही.

खरं काम मागच्या सीलचं असेल तर ते असं होतं. इंजिनाला खालून आधार द्यायचा. प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, गिअरबॉक्स मागे ओढून उतरवायचा. मग क्लचप्लेट, मग फ्लायव्हील, आणि त्यामागे क्रँकच्या टोकाभोवती बसलेलं ते काळं रबरी कडं. त्याची आतली ओठासारखी कड क्रँकला जेमतेम टेकलेली असते, मागे बारीक स्प्रिंग. मिनिटाला दोन हजार फेरे फिरणाऱ्या पोलादाला एवढीशी कड तेल धरून ठेवायला लावते. जुनं सील काढल्यावर चांगला मिस्त्री लगेच नवं ठोकत नाही. तो फडक्याने क्रँकचा तो भाग पुसतो आणि अंगठ्याचं नख आडवं फिरवतो. नख अडकलं तर तिथे खाच आहे. मऊ रबराने लाखो किलोमीटरमध्ये पोलाद झिजवलेलं असतं. त्याच खाचेवर नव्या सीलची कड टेकवली तर महिन्याभरात पुठ्ठ्यावर पुन्हा डाग. म्हणून बनावट मुभा देत असेल तर सील एखादा मिलिमीटर पुढेमागे बसवतात, म्हणजे कड कोऱ्या पोलादावर चालते. किंवा क्रँकवर पातळ पोलादी बाही चढवतात. जुन्या धाटणीच्या काही इंजिनांत सील दोन अर्ध्या कड्यांचं असतं. तिथे गिअरबॉक्सलाही हात न लावता, खालून चेंबर आणि बेअरिंगची टोपी सोडून वरचा अर्धा भाग फिरवत फिरवत बाहेर काढता येतो.

इतकं करूनही गळती परत येऊ शकते, आणि इथे प्रश्न गहिरा होतो. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उघडलं आणि तिथून भकाभका धूर आला, तर मिस्त्री म्हणतो, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय." पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळालेला वायू खाली चेंबरमध्ये शिरतो. त्याला बाहेर जायला ब्रीदर असतो. तो कोंदला, किंवा वायूच फार झाला, की आतला दाब वाट शोधतो आणि सर्वांत दुबळ्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनात सील बदलणं म्हणजे रडणाऱ्या माणसाचे डोळे पुसणं. सील फक्त पहिलं हार मानलेलं ठिकाण असतं. चांगलं सील घातलं तर दाब पुढचं दुबळं ठिकाण शोधेल. कधी नुसता ब्रीदर साफ केल्याने गळती थांबते, तेही एक रुपयाचं सामान न बदलता. कधी मात्र रिंगांपर्यंत जावं लागतं.

रिंगांपर्यंत जायचं तरी इंजिन उतरवलंच पाहिजे असं नाही. ज्या ट्रकइंजिनांत सिलिंडरच्या जागी निघणारे लायनर असतात, त्यांत वरून हेड काढून, खालून चेंबर सोडून, पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग, सगळी पॅकिंग बदलता येतात. ब्लॉक चासीवरच राहतो. दोन-चार दिवसांनी इंजिन सुरू होतं तेव्हा आतला झिजणारा जवळजवळ प्रत्येक भाग नवा असतो. मग हे इंजिन तेच का?

आरटीओचं उत्तर स्पष्ट आहे: ब्लॉकवर कोरलेला नंबर तोच, म्हणून इंजिन तेच. आतलं सगळं बदला, नोंद बदलत नाही. ब्लॉक बदलला की कागदपत्रं बदलून घ्यावी लागतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यात नेमका हाच वाद रथावरून झाला होता. नागसेनाने राजाला विचारलं, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? दांडा? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी त्याला मान्य करावं लागलं की या सगळ्यांच्या एकत्र येण्याला दिलेलं नाव म्हणजे रथ. आरटीओ ज्याला ओळख म्हणतं तो नागसेनाच्या लेखी एक सोयीचा नंबर आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखलाही त्याने दिला. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नाही, आणि दुसरीही नाही. महाराष्ट्राला हा संवाद परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय उभारलं. त्याचं नाव मिलिंद आणि परिसराचं नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघांचीही नावं तिथे शेजारी नांदतात.

नागसेनाचं म्हणणं मानलं तर इंजिन उतरवण्याची भीती अर्धी कमी होते. जागेला, नंबराला, जुनेपणाला पवित्र मानायचं कारण उरत नाही. उरतो तो फक्त बिघाड किती खोल आहे हा प्रश्न. ब्लॉकला तडा असेल, क्रँकची मुख्य बैठक खराब झाली असेल, तर जागेवरचं काम ही फसवणूक ठरते. तेव्हा चेनकुप्पी लावलीच पाहिजे.

धर्मसुधारणेच्या बाबतीत महाराष्ट्राने हा निर्णय जगून पाहिला आहे. 1867 साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांची भूमिका होती की परंपरेचा सांगाडा राहू द्यावा आणि आतले किडलेले भाग बदलावेत. साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसले ते विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. त्यांच्या दृष्टीने अडलेलं दार उघडायचं होतं. दारामागचा देव बदलायचा नव्हता. बाबासाहेबांनीही आधी जागेवरची दुरुस्ती करून पाहिली. 20 मार्च 1927 ला महाडचं चवदार तळं, 2 मार्च 1930 पासून नाशिकचं काळाराम मंदिर. वर्षं गेली. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी लिहिलेल्या, पण प्रत्यक्ष न झालेल्या भाषणात त्यांनी निदान मांडलं की दोष सांध्यात नाही, जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रप्रामाण्यात आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी आपल्या अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली.

इथे एक मत स्पष्टपणे मांडायला हवं. किती खोलायचं हे ठरवण्याचा पहिला हक्क ज्याच्या अंगावर गळती पडते त्याचा. मंदिराच्या आत उभ्या असलेल्याला दाराच्या बिजागरीचं काम पुरेसं वाटू शकतं. बाहेर ठेवलेल्याला पाया दिसतो. रानडे आणि साने गुरुजी यांची कळकळ खरी होती, आणि गुरुजींनी प्राण पणाला लावले होते. पण निदान अधिक खोलवर गेलं ते बाबासाहेबांचं, कारण खाचेवर नख त्यांचं अडकलं होतं. त्यांनी आधी वर्षानुवर्षं तपासलं, मग उतरवलं. आणि पहिल्याच दिवशी चेनकुप्पी मागणाऱ्यालाही, शेवटपर्यंत सिलिकॉन थापणाऱ्यालाही या क्रमातून शिकण्यासारखं आहे.

नवी मुंबईत गळतीचा आणखी एक हिशेब आहे, तो मालकाच्या अंगणात दिसत नाही. वाशी, नेरूळ, बेलापूरला पावसाचं पाणी गटारांतून धारण तलावांत आणि तिथून खाडीत जातं. रस्त्यावरचं तेलही त्याच वाटेने जातं. ठाणे खाडीला 2022 साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; हिवाळ्यात तिथल्या चिखलात रोहित पक्षी हजारोंनी चरतात. पाण्यावर पडलेला तेलाचा थेंब पातळ होत होत पसरतच जातो आणि त्याच्या खालच्या पाण्याला हवा मिळणं अवघड होतं. पहिल्या पावसात सायन-पनवेल रस्त्यावर दुचाक्या घसरतात त्यातही या थेंबांचा वाटा असतो. थेंब माझ्या गाडीचा, पडणारा माणूस दुसराच. जैन आणि बौद्ध विचाराने न दिसणाऱ्या जिवाची जी काळजी सांगितली, तिला शहरात पाळायची एक साधी जागा गाडीच्या पोटाखाली आहे.

तेव्हा पावसाळ्याआधी एका रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. डाग दिसला तर गॅरेजात गेल्यावर इंजिन उतरवायचं की नाही हे आधी विचारू नका. आधी ते धुवायला सांगा, मग ब्रीदर बघायला सांगा, आणि जुनं सील निघालं की मिस्त्री क्रँकवरून नख फिरवतो का, ते शेजारी उभं राहून बघा. काम झाल्यावर गाडी एक रात्र तिथेच ठेवा, खाली कोरा पुठ्ठा घाला आणि सकाळी तो बघूनच पैसे द्या.